ज्यांनी देवाची गोष्ट घरच्या भाषेत आणली

वाचक माउली, आपल्याला उत्सवांचे नवल नाही. कार्तिकात आळंदीचा समाधी सोहळा, फाल्गुनात बीज आणि षष्ठी, आषाढात वारी. वर्षाचे बाराही महिने आपण कोणत्या ना कोणत्या संताच्या नावाने एकत्र जमतो. पण केवळ दुसऱ्या भाषेतले ज्ञान आपल्या माणसांच्या भाषेत आणले म्हणून ज्यांना संतपद मिळाले, आणि त्याच कामासाठी ज्यांच्या नावाने सगळा समाज दरवर्षी उत्सव करतो, असे संत जगात कोठे आहेत का, असे मला कोणी काही वर्षांपूर्वी विचारले असते तर मी मान हलवून नाही म्हणालो असतो.

असे संत आहेत. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात आर्मेनिया नावाचा लहानसा देश आहे. लोकसंख्या सुमारे तीस लाख. तेथील लोक ख्रिस्ती. त्यांच्या पंचांगात ऑक्टोबर महिन्यात, बहुधा दुसऱ्या शनिवारी, एक उत्सव येतो. त्याचे नाव ‘पवित्र भाषांतरकारांचा उत्सव’. माझी नात भाषांचा अभ्यास करते. तिने ही गोष्ट मला प्रथम सांगितली तेव्हा मी तिला दोनदा विचारले, ‘भाषांतरकारांचा? की ग्रंथकारांचा?’ ती म्हणाली, ‘आजोबा, भाषांतरकारांचाच.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. का लागली नाही, ते शेवटी सांगेन. आधी त्या संतांची कथा ऐकावी.

आर्मेनियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो परंपरेप्रमाणे सन ३०१ मध्ये, राजासह. पण एक मोठी अडचण राहून गेली. आर्मेनियन भाषेला स्वतःची लिपी नव्हती. देवळात धर्मग्रंथ वाचला जाई तो ग्रीक किंवा सीरियाक भाषेत. वाचणारा पंडित वाची आणि समोर बसलेला शेतकरी, मेंढपाळ, विणकर हात जोडून ऐके. त्याला एक अक्षर कळत नसे. अशी शंभर वर्षे गेली. त्यातच सन ३८७ मध्ये रोम आणि इराण या दोन बलाढ्य सत्तांनी आर्मेनियाचे दोन तुकडे करून वाटून घेतले. राजा नावाचा उरला. आता माणसांना एकत्र धरून ठेवणारे काही राहील की नाही, असा तो काळ होता.

या काळात मेस्रोप माश्तोत्स नावाचे एक गृहस्थ होते. तारोन प्रांतातल्या एका गावी जन्मलेले, ग्रीक शिकलेले, राजाच्या दरबारात लिखापढीचे काम करणारे. त्यांनी दरबार सोडला, वैराग्य घेतले आणि गोघ्तन नावाच्या प्रांतात उपदेश करीत हिंडू लागले. वाचकहो, येथे मी जरा थांबतो, कारण या कथेचे मूळ येथे आहे. मेस्रोपांना दरबारात बसून लिपी सुचली नाही. ते लोकांत गेले, बोलू लागले, आणि त्यांना दिसले की आपण जे वाचून दाखवतो ते समोरच्याच्या कानापर्यंत जाते, पण आत उतरत नाही. कीर्तनकाराला हा अनुभव परका नाही. समोर मंडळी बसलेली असतात, टाळ वाजत असतो, पण डोळ्यांकडे पाहिले की कळते, शब्द दारातूनच परत येत आहेत. अशा वेळी बहुतेक वक्ते श्रोत्यांना दोष देतात. मेस्रोपांनी दोष आपल्याकडे घेतला.

त्यांनी साहाक या प्रमुख धर्मगुरूंची भेट घेतली. राजा व्रामशापुह यालाही तीच चिंता होती. दानिएल नावाच्या एका सीरियन धर्मगुरूकडे आर्मेनियन भाषेसाठी म्हणून काही अक्षरे आहेत असे कळले. ती मागवली, मुलांना शिकवायला घेतली. सुमारे दोन वर्षांनी लक्षात आले की या अक्षरांत आपल्या भाषेचे सगळे आवाज मावत नाहीत. मग मेस्रोप शिष्यांना घेऊन एडेसा आणि समोसाटा या शहरांकडे निघाले. तेथल्या विद्वानांना भेटले, ग्रंथालये पाहिली. परंपरा सांगते की प्रार्थना करीत असता त्यांना दगडावर अक्षरे लिहिणारा एक हात दिसला. त्यांचा शिष्य कोर्यून याने गुरूचे चरित्र लिहिले आहे. त्यात प्रवास, चर्चा, निराशा आणि खटपट यांचे वर्णन भरपूर आहे. आपल्यालाही हे समजते. साक्षात्कार होतो हे खरे, पण तो पायपीट करणाऱ्याला होतो. अखेर सन ४०५ च्या सुमारास ३६ अक्षरे सिद्ध झाली. रूफिनस नावाच्या ग्रीक लेखनिकाने त्यांना वळण दिले. पुढे शतकांच्या ओघात तीन अक्षरे वाढून आज ती ३९ आहेत.

लिपी तयार झाल्यावर पहिले वाक्य कोणते लिहिले, हेही कोर्यूनने नोंदवून ठेवले आहे. ते सॉलोमन राजाच्या नीतिवचनांच्या पुस्तकाचे आरंभीचे वाक्य होते, ज्ञान आणि शिकवण कशी ओळखावी याविषयीचे. राजाची स्तुती नव्हे, युद्धाची हकीकत नव्हे, कराचा हिशेबही नव्हे. एका भाषेला अक्षरे मिळाली आणि तिने लिहिलेले पहिले वाक्य भाषांतराचे होते.

मेस्रोप परत निघाले तेव्हाचा प्रसंग मला फार आवडतो. ते राजधानीजवळ आल्याची वार्ता लागताच राजा आणि धर्मगुरू साहाक सरदारांना आणि नगरजनांना घेऊन शहराबाहेर नदीच्या काठापर्यंत सामोरे गेले. भेटीगाठी झाल्या, आणि मग सारे भजने गात नगरात परतले. पालखी येते तेव्हा वेशीवर जाऊन सामोरे जाणे म्हणजे काय, ते आपल्याला कोणी सांगायला नको. त्या दिवशी त्या नदीकाठी जी पालखी आली तिच्यात पादुका नव्हत्या. तिच्यात ३६ अक्षरे होती.

पुढचे काम अक्षरांपेक्षा मोठे होते. मेस्रोप आणि साहाक यांनी शिष्यांना दूरदूर पाठवले. कोणी एडेसाला सीरियाक शिकायला गेला, कोणी कॉन्स्टँटिनोपलला ग्रीक शिकायला. कोर्यून, येझ्निक अशी त्यांची नावे इतिहासात आहेत. परक्या मुलखात राहून भाषा शिकायची, ग्रंथाच्या चांगल्या प्रती मिळवायच्या आणि त्या घेऊन घरी परतायचे. पहिले भाषांतर घाईत झाले होते. सन ४३१ मध्ये एफेससला धर्मगुरूंची मोठी सभा झाली, त्यानंतर शिष्यांनी ग्रीक बायबलच्या अधिक शुद्ध प्रती आणल्या. तेव्हा साहाकांनी काय करावे? आधीचे काम आपणच केलेले, लोकांनी स्वीकारलेले. तरी त्यांनी ते पुन्हा हाती घेतले, मुळाशी ताडून पाहिले, चुका काढल्या. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठभेद काढून ग्रंथ शुद्ध केला, त्याची मला येथे आठवण होते. भाषांतर आणि संशोधन ही दोन्ही सेवाच आहेत, आणि सेवा करणाऱ्याला आपलीच चूक दुरुस्त करण्याची लाज नसते.

या कामाला पाश्चात्त्य पंडितांनी पुढे ‘भाषांतरांची राणी’ असे नाव दिले. बायबलनंतर इतर ग्रंथांची रीघ लागली. इतिहास, तत्त्वज्ञान, व्याकरण, टीका असे पुष्कळ काही आर्मेनियनमध्ये आले. त्यातून एक विलक्षण गोष्ट घडली. काही ग्रीक ग्रंथांचे मूळ पुढे काळाच्या पोटात नाहीसे झाले. फायलो या यहुदी तत्त्वज्ञाचे काही प्रबंध आणि युसेबियस या इतिहासकाराच्या कालगणनेच्या ग्रंथाचा मोठा भाग आज जगाला पूर्ण वाचायला मिळतो तो आर्मेनियन भाषांतरामुळे. म्हणजे जो उसने घ्यायला गेला होता, त्यानेच पुढे सावकाराचे धन राखले. भाषांतराने मूळ झिजते अशी आपली समजूत असते. येथे मूळ गेले आणि भाषांतराने ते जिवंत ठेवले.

सन ४२८ मध्ये आर्मेनियाचे राज्य संपले. सन ४४० मध्ये मेस्रोपांनी देह ठेवला. सन ४५१ मध्ये इराणच्या बादशहाने आपला धर्म लादू पाहिला तेव्हा अवारायरच्या मैदानात आर्मेनियन लढले आणि त्या दिवशी हरले. पण धर्म सोडला नाही, आणि सुमारे तेहतीस वर्षांनी तह होऊन त्यांना तो पाळण्याची मोकळीक मिळाली. राज्य नाही, राजा नाही, सैन्य मोडलेले. मग हा समाज टिकला कशाच्या आधारावर? आर्मेनियन लोक याचे उत्तर देताना त्या अक्षरांकडे बोट दाखवतात. देवाशी बोलायची भाषा आणि आईशी बोलायची भाषा एक झाली होती. ती हिरावून घेणे कोणत्याही बादशहाच्या हाती राहिले नव्हते.

आता उत्सवाकडे येऊ. त्या दिवशी ज्यांचे स्मरण करतात त्या नावांत मेस्रोप तर आहेतच. त्यांच्याबरोबर अवारायरच्या लढाईचा इतिहास लिहिणारे येघिशे, इतिहासकार मोवसेस खोरेनात्सी आणि तत्त्वज्ञ दावित आहेत. पण आणखी दोन नावे अशी आहेत की ती वाचून मी बुचकळ्यात पडलो. एक ग्रिगोर नारेकात्सी, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. दुसरे नेरसेस श्नोरहाली, बाराव्या शतकातले. हे मेस्रोपांनंतर पाच-सात शतकांनी झाले. दोघेही कवी. ग्रिगोरांनी पश्चात्तापाने भरलेल्या ९५ प्रार्थनांचा ग्रंथ रचला. तो आर्मेनियन घरांत इतका आपला झाला की आजारी माणसाच्या उशाखाली तो ठेवीत. नेरसेस तर प्रमुख धर्मगुरूंच्या गादीवर बसलेले. त्यांनी किल्ल्यावर रात्री पहारा करणाऱ्या शिपायांसाठी गाणी रचली, त्यांच्या ओठी देवाचे नाव यावे म्हणून. लोकांनी मेजवानीत एकमेकांना घालावीत अशी कोडीही रचली. गादीवरचा धर्मगुरू आणि कोडी! पण नाथांची भारुडे ज्याने ऐकली आहेत त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

मग यांना भाषांतरकार का म्हणायचे? त्यांची कीर्ती काही परभाषेतून आणलेल्या ग्रंथांवर उभी नाही. मी बरेच दिवस यावर विचार केला. मला सुचले ते असे. ज्याला कळले आहे आणि ज्याला कळलेले नाही, त्या दोघांमध्ये एक ओढा असतो. कधी तो दोन भाषांमधला असतो, कधी एकाच भाषेतल्या पंडिताचा आणि पहारेकऱ्याचा. त्या ओढ्यावर साकव घालणारा तो भाषांतरकार. या अर्थाने पाहिले तर नेवाशाला खांबाला टेकून शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगणारी आमची माउली कोण होती? काशीत बसून भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत लिहिणारे आणि त्यासाठी पंडितांचा रोष पत्करणारे नाथ कोण होते? त्यांना आपण ज्ञानी म्हटले, भक्त म्हटले, अवतार म्हटले. ते सर्व खरेच. पण भाषांतरकार म्हणून आपण त्यांची पूजा कधी केली नाही. आर्मेनियन लोकांनी ते एक नाव उचलून धरले आणि त्याला उत्सव दिला.

मेस्रोपांची समाधी ओशाकान नावाच्या गावी आहे. शाळेत नुकतीच अक्षरे गिरवू लागलेली मुले तेथे येतात. उत्सवाच्या सुमारास तेथे लेखक, कवी, भाषांतरकार जमतात, देवळात प्रार्थना होते, कविता वाचल्या जातात. पोटासाठी आणि संकटांमुळे जगभर पांगलेले आर्मेनियन आपापल्या गावी ऑक्टोबर महिना संस्कृतीचा महिना म्हणून पाळतात, मुलांना अक्षरे शिकवतात, व्याख्याने ठेवतात. हे लोक आपल्याकडेही येऊन गेले आहेत. मुंबईत फोर्ट भागात त्यांचे देऊळ आहे. आर्मेनियन भाषेतले जगातले पहिले नियतकालिक सन १७९४ मध्ये मद्रासला छापले गेले. लिपी बरोबर असल्यावर माणूस कोठेही घर मांडू शकतो, हेच यातून दिसते. हे लेणे आता साऱ्या जगाने मान्य केले आहे. आर्मेनियन अक्षरकलेला युनेस्कोने सन २०१९ मध्ये मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

राजधानी येरेवान येथे मातेनादारान नावाचे हस्तलिखितांचे भांडार आहे. त्याला मेस्रोपांचेच नाव दिले आहे. दारात मेस्रोपांचा पुतळा आहे आणि पुढ्यात शिष्य कोर्यून. आत हजारो पोथ्या आहेत. त्यातली एक पोथी सुमारे २८ किलो वजनाची, तेराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली, मुश गावच्या मठातली. सन १९१५ मध्ये त्या मुलखात आर्मेनियनांची भयंकर कत्तल झाली, गावेच्या गावे ओस पडली. तेव्हा पळून जाणाऱ्या दोन बायांना ही पोथी सापडली. एकीला उचलेना. त्यांनी तिचे दोन भाग केले आणि एकेक भाग पाठीवर घेऊन चालू लागल्या. एक बाई एचमियाझिनच्या मठापर्यंत पोचली आणि तिने आपला भाग तेथे दिला. दुसरी वाटेतच वारली. पण मरण्यापूर्वी तिने आपला भाग जमिनीत पुरून ठेवला होता. तो पुढे मिळाला आणि आज दोन्ही भाग एकत्र आहेत.

माउली, हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे इंद्रायणीचा डोह आला. तेरा दिवस धरणे धरून बसलेले तुकोबा आले. तेथे पाण्याने गाथा राखली असे आपण मानतो. आणि गाथा लोकांच्या मुखी होती म्हणून राखली गेली असेही जाणते सांगतात. त्या दोन बायांना पोथी वाचता येत होती की नाही कोण जाणे. पण ती आपली आहे, एवढे त्यांना कळत होते. ते कळण्यासाठी दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ती त्यांच्या भाषेत आणलेली असावी लागते.

आता झोप का लागली नाही ते सांगतो.

पस्तीस एक वर्षे झाली असतील. एका गावी सप्ताह होता. देवळाचा नवा सभामंडप बांधून होत आला होता. बांधकामावर एक तेलुगू बोलणारा गवंडी होता. दिवसभर काम करून तो रात्री कीर्तनाला येई आणि आपणच बांधलेल्या खांबाला टेकून शेवटपर्यंत बसे. सहाव्या रात्री कीर्तन संपल्यावर तो पुढे आला, नमस्कार केला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, ‘महाराज, आज के अभंग का मतलब थोडा बता दो.’ मी दमलो होतो, आणि खरे सांगायचे तर मान मिळाल्याने फुगलोही होतो. मी म्हणालो, ‘आधी मराठी शिका, मग अभंग कळेल.’ भोवतालची माणसे हसली. तोही हसला. दुसऱ्या दिवशी काल्याला तो खांब रिकामा होता.

पुढे कितीतरी वर्षे मी सांगत राहिलो की आमच्या संतांची वाणी दुसऱ्या भाषेत जात नाही, गेली तर तिचा प्राण जातो. यात थोडे तथ्य आहे. ‘माउली’ या एका शब्दात जे आहे ते दुसऱ्या भाषेत कसे न्यायचे? टाळाचा ठेका आणि ओवीची ओल कागदावरून कशी पोचवायची? काही सांडतेच. पण मी हे तथ्य ढालीसारखे वापरले. सांडेल म्हणून मी घागर उचललीच नाही. आणि तहानलेला माणूस माझ्यासमोरून उठून गेला.

ज्यांनी घागर उचलली त्यांची आठवण करावी. नामदेवराय पंजाबात गेले, आणि त्यांची ६१ पदे आज शीख बंधूंच्या गुरू ग्रंथसाहिबात विराजमान आहेत. त्यांनी तेथल्या लोकांना मराठी शिकून या असे सांगितले नाही. आमच्या काळात ज्ञानेश्वरी वि. गो. प्रधानांनी इंग्रजीत नेली. तुकोबांचे अभंग गी देल्युरी या फ्रेंच पाद्र्यांनी सन १९५६ मध्ये फ्रेंचमध्ये आणि दिलीप चित्रे यांनी सन १९९१ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने दिले. ही माणसे आमच्या फडावरची नव्हेत. तरी साकव घालण्याचे काम त्यांनी केले. आणि पंढरीचा राणा तर कधीच एका भाषेचा नव्हता. पुरंदरदासांनी आपली कानडी पदे विठ्ठलाच्या नावाची मुद्रा घालून गायिली. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात मराठीबरोबर कानडी आणि तेलुगूही कानी पडते. ज्याला हे सारे समजते, त्याच्या दारात उभा राहून मी एका गवंड्याला भाषेची अट घातली होती.

आता माझा आवाज राहिला नाही, वीणा मुलाच्या गळ्यात आहे. म्हणून जे काम मी केले नाही ते तुमच्यापुढे ठेवतो. आज आपल्या गावोगावच्या सप्ताहांत बिहारचा सुतार, आंध्रचा गवंडी, ओडिशाचा कारखान्यातला पोरगा शेवटच्या रांगेत येऊन बसतो. आपलीच नातवंडे परदेशांतून सुट्टीला येतात आणि देवळात आपल्या शेजारी न समजता बसतात. सप्ताहात एक संध्याकाळ अशी ठेवा की त्या दिवशीच्या अभंगाचा अर्थ कोणीतरी साध्या हिंदीत, कोणी कानडीत, कोणी इंग्रजीत सांगेल. आणि त्यांच्या भाषेतल्या संतांचे एखादे पद त्यांच्याकडून ऐकून त्याचा अर्थ मराठीत विचारून घ्या. घेणे आणि देणे दोन्ही व्हावे. चुकेल, अडखळेल. साहाकांनीही पहिले भाषांतर पुन्हा केले होते.

ऑक्टोबरचा महिना बहुधा आपल्या काकड आरतीच्या दिवसांना लागून येतो. त्या सुमारास पहाटे मी आता मेस्रोपांचे एकदा स्मरण करतो, आणि मग त्या गवंड्याचे. त्याचे नाव मी तेव्हा विचारले नव्हते. तो सभामंडप अजून उभा आहे. गेल्या वर्षी मुद्दाम जाऊन आलो. कीर्तनात बसलो, शेवटच्या रांगेत, त्याच खांबाला टेकून.

रामकृष्ण हरी.